सहा सेकंदांचं देणं

२०१० साली हॉलंडमधल्या एका छोट्या कंपनीने मुंबईच्या एका ज्येष्ठ वादकाची विस्मरणात गेलेली रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांमध्ये कौतुक झालंच, पण त्याच्या बरोबरीने एक कुजबुजही सुरू झाली, की हे बनावट आहे. रेकॉर्डवर साल होतं १९८२ आणि नाव होतं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक चरणजीत सिंग. कानावर पडत होतं ते मात्र शिकागोच्या क्लबांमध्ये १९८७ च्या सुमारास नावारूपाला आलेल्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीतासारखं. पाच वर्षं आधी, तेही मुंबईत, तेही भैरव आणि ललित? कुणीतरी आत्ता बसून हे केलंय आणि जुनं म्हणून खपवतंय, असं काहींना वाटलं. हा उद्योग कुणाचा असेल याचा अंदाज बांधताना एक नाव पुढे आलं ते ॲफेक्स ट्विन या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचं.

ही हकिकत वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. आयुष्यभर सिनेमाच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी वाजवलेला एक माणूस. त्याने स्वतःच्या नावाने एक काम केलं, ते तेव्हा फारसं कुणी विकत घेतलं नाही, आणि अठ्ठावीस वर्षांनी ते जगापुढे आलं तर त्याच्यावर आळ काय, तर हे तू केलंच नाहीस. आणि हा आळ ज्यांनी घेतला ते संगीताचे शत्रू नव्हते, मनापासून ऐकणारे लोक होते. इलेक्ट्रॉनिक संगीताचे चाहते 'खरं' आणि 'खोटं' यावर इतकं भांडतात, तरी त्यांचा नेम असा कसा चुकतो, हे मला समजून घ्यायचं आहे.

आधी ॲफेक्स ट्विनविषयी, कारण संशय त्याच्यावर जाण्याला कारण आहे. रिचर्ड डी. जेम्स हे त्याचं नाव, जन्म १९७१ चा, बालपण इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये. नव्वदच्या दशकात त्याने मुलाखतींमधून जे जे सांगितलं ते चाहत्यांना आजही पाठ आहे. त्याच्याकडे रणगाडा आहे (ती प्रत्यक्षात लष्करातून निवृत्त झालेली चिलखती गाडी होती). तो लंडनमध्ये जुन्या बँकेच्या इमारतीत राहतो. रात्री दोन-तीन तासच झोपतो, आणि स्वप्नात ऐकलेलं उठून वाजवतो. कुणासाठी तरी रिमिक्स करायचा राहून गेला, कुरिअरवाला दारात उभा, तेव्हा हाताला लागलेली कुठलीतरी दुसरीच टेप त्याच्या हवाली केली. यातलं किती खरं, किती रंगवलेलं, याचा हिशेब चाहते आजतागायत मांडत आहेत. एकदा म्हणे त्याने डीजे म्हणून रेकॉर्डऐवजी सँडपेपरच्या चकत्या वाजवल्या, आणि हे मात्र खरंच घडलेलं आहे. जिथे अशक्य वाटणारं खरं निघतं आणि साधं वाटणारं खोटं, तिथे ऐकणाऱ्याला सगळ्याकडेच तिरक्या नजरेने पाहायची सवय लागते.

त्याच्या गाजलेल्या पहिल्या अल्बमच्या नावातच '८५-९२' असे आकडे आहेत. म्हणजे पंच्याऐंशी साली मुलगा चौदा वर्षांचा. चौदाव्या वर्षी हे केलं? पुण्यात आमचा हे संगीत ऐकणाऱ्या मित्रांचा एक लहानसा गट आहे, आणि या एका प्रश्नावर आमच्याकडे चहाच्या चहा संपले आहेत. एक जण म्हणतो, "अरे, जो माणूस वयाबद्दल खोटं बोलतो त्याच्या सुरावर विश्वास कसा ठेवायचा?" दुसरा म्हणतो, "तू सूर ऐक ना. त्याचा जन्मदाखला कशाला मागतोस?"

मी या दुसऱ्याच्या बाजूचा आहे, पण त्याच्या कारणासाठी नाही. सूर ऐक, बाकी सोड, असं म्हणणं फार सोपं आहे. माझं म्हणणं असं की त्या अल्बममध्ये मुलगा कुठलंही सोंग घेत नाही. घरच्या मशिनवर, कॅसेटच्या खरखरीसकट जे जमलं ते तसंच ठेवलंय. ढोल पातळ आहेत, त्यांच्यामागून येणारा स्वर धुक्यातून यावा तसा पसरट आहे, आणि चार-पाच मिनिटांच्या तुकड्यात तो एकदाही ऐकणाऱ्याला दिपवायला जात नाही. चौदाव्या वर्षी केलं की एकोणिसाव्या, याने त्या सुरात काहीही बदलत नाही. मुलाखतीत त्याने स्वतःभोवती जे काही उभं केलं त्याने कुणाचं नुकसान झालं नाही, कुणाच्या ताटातलं गेलं नाही. हा मुद्दा मी इथे ठेवून पुढे जातो, कारण नुकसान कुणाचं होतं हाच माझ्या दृष्टीने या सगळ्या वादाचा कणा आहे.

२००७ साली 'द टस' या अनोळखी नावाने काही संगीत आलं. ते ॲफेक्स ट्विनच्याच रेफ्लेक्स या कंपनीतून आलेलं, पण कलाकाराचं नाव भलतंच. चाहत्यांनी ढोलांची घडण, मागच्या सुरावटींचं वळण, मशिनचा पोत असं एकेक अंग तपासून ठरवलं की हा तोच आहे. अनेक वर्षांनी ते त्याचंच असल्याचं कबूलही झालं. त्या काळातला तो वाद मला फार आवडतो. नाव झाकलेलं असताना माणूस ओळखायचा तर कानांशिवाय दुसरं काही हाताशी नसतं, आणि चाहत्यांनी कानांनीच ओळखला. आपल्याकडे पडद्यामागून तान ऐकून घराणं सांगणारे श्रोते असत, तीच जात ही.

पण नाव झाकलं की दुसरी एक जमातही जागी होते. बरिअल या लंडनच्या संगीतकाराने २००६ आणि २००७ साली दोन अल्बम केले आणि आपण कोण हे सांगितलं नाही. मुलाखती मोजक्याच दिल्या, चेहरा दाखवला नाही. दुसरा अल्बम ब्रिटनमधल्या मर्क्युरी या संगीत पुरस्काराच्या यादीत आला आणि वर्तमानपत्रं मागे लागली. हा नक्की कुणीतरी प्रसिद्ध माणूस असणार, असं पसरलं. त्यातही पुन्हा ॲफेक्स ट्विनचं नाव आलंच. शेवटी २००८ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःहून फोटो आणि नाव देऊन टाकलं, विल्यम बेव्हन. साधा माणूस होता, त्याला फक्त गाणी करायची होती. स्वतःबद्दल काहीच न सांगणं हाही लबाडीचा पुरावा धरला जातो आणि खूप काही सांगणं हाही.

कॅनडाच्या डेडमाऊस या डीजेने २०१२ साली उलट टोक गाठलं. आम्ही सगळे रंगमंचावर बटणच दाबतो, असं त्याने उघड लिहून टाकलं. मोठ्या कार्यक्रमात दिवे, पडदे आणि संगीत एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे आयत्या वेळी करण्यासारखं फार थोडं उरतं, आणि खरं काम आधी स्टुडिओत झालेलं असतं, असा त्याचा सूर. त्यावर डीजे मंडळींचा संताप झाला, तो मला कधीच पटला नाही. लाखो रुपयांची तिकिटं विकणाऱ्या धंद्यात एवढं स्पष्ट बोलायला धैर्य लागतं.

या सगळ्या वादांना चिकटून दुसरा एक प्रश्न असतोच : हा आता कालबाह्य झाला का? ॲफेक्स ट्विनचा 'ड्रक्स' २००१ चा, त्यानंतर त्याच नावाने पूर्ण अल्बम आला तो २०१४ साली, 'सायरो'. तेरा वर्षं वाट पाहिल्यावर निम्मे चाहते म्हणाले, यात नवं काही नाही. क्राफ्टवेर्कचं तर विचारूच नका. १९७० साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये सुरू झालेला हा समूह, ज्याच्यावाचून हे संगीतच असं घडलं नसतं. त्यांचा नव्या रचनांचा शेवटचा अल्बम २००३ चा. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांनी आठ रात्री आठ जुने अल्बम वाजवले. दोघा संस्थापकांपैकी फ्लोरियान श्नायडर तोवर बाहेर पडला होता, तो २०२० साली वारला. उरला राल्फ हुटर. मग हे अजून क्राफ्टवेर्कच म्हणायचं का, आणि म्हणायचं तर त्याचं आज काय, असा वाद दर दौऱ्याच्या वेळी नव्याने पेटतो.

यातला 'आज काय' हा भाग मला पोकळ वाटतो. विशीत असताना एखादी रेकॉर्ड ऐकून अंगावर काटा आला, तो पन्नाशीत पुन्हा यावा, आणि तो आणून द्यायची जबाबदारी कलाकाराची, ही मागणीच अन्यायाची आहे. 'सायरो' मी पुष्कळ ऐकला आहे. आपली मशिनं ज्याला हाताच्या रेषांसारखी माहीत आहेत अशा माणसाचं ते काम आहे. तो कुणाच्या पुढे धावत नाही, कुणाला गाठायलाही जात नाही. आणि त्या अल्बमच्या वेष्टणावर काय छापलंय? हा अल्बम काढायला आणि त्याची जाहिरात करायला कशाकशावर किती खर्च आला त्याची यादी. २००३ मध्ये त्याने दुसऱ्यांच्या गाण्यांचे रिमिक्स एकत्र काढले तेव्हा त्या संग्रहाचं नावच होतं 'पैशासाठी केलेले २६ मिक्स'. ज्याला चाहते थापाड्या म्हणतात त्याने आपल्या मालावर किंमत आणि कारण दोन्ही छापलं. मुलाखतीतला माणूस आणि कामातला माणूस निराळे तपासायला हवेत, असं मला यावरून वाटू लागलं.

आता पुन्हा चरणजीत सिंगांकडे. १९८२ च्या आसपास हिंदी सिनेमात डिस्कोची लाट होती, आणि ते त्याच सिनेमात गिटार आणि की-बोर्ड वाजवत होते. डिस्कोच वाजवायचं आहे तर रागच का वाजवू नयेत, तबला बाजूला ठेवून त्याखाली डिस्कोचा ठेका का देऊ नये, असा साधा विचार त्यांनी केला. त्यांच्याकडे जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं होती. ज्युपिटर-८ हा मोठा की-बोर्ड, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, आणि टीबी-३०३ हे खर्जातल्या सुरावटीचं लहानसं चंदेरी यंत्र. ही तिन्ही एकमेकांना जोडून त्यांनी दहा राग केले.

या ३०३ विषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला साथ मिळावी म्हणून रोलँडने ते काढलं. त्या कामासाठी ते कुणालाच आवडलं नाही, आवाज खऱ्या बास गिटारसारखा येत नव्हता. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं. सुमारे दहा हजार यंत्रं बनली असतील, त्यातली बरीच सेकंडहँड दुकानांत पडेल भावाने गेली. त्यात सोळा घरांची एक ओळ असते. प्रत्येक घरात सूर भरायचा, हवं तिथे जोर द्यायचा, आणि हवं तिथे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं. हे घसरणं म्हणजे यंत्राची मींड. गवयाची मींड वाटेत रेंगाळते, श्रुतींना स्पर्श करत जाते. यंत्राची मींड ठरलेल्या क्षणार्धात पोचते. पण पोचते घसरूनच, आणि तेवढ्याने सुराला जिवंतपणा येतो. रेकॉर्डवरचा भैरव हेडफोनवर ऐकला तर वर ज्युपिटरवर आलापीसारखी फिरत चाललेली सुरावट आणि खाली हा घसरणारा, किंचित चिरकणारा खर्ज, दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. मधल्या जागेत तानपुरा नाही, पण खालची ओळ इतकी अखंड आहे की कान तिलाच आधार मानतो.

माझे मामा पेटीवर नाट्यसंगीताची, भजनाची साथ करतात. त्यांना मी यातला ललित ऐकवला. "मामा, हे जरा ऐका ना." त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि म्हणाले, "दोन्ही मध्यम लावलेत. नीट लावलेत. पण हा कुठे थांबत नाही रे."

मी म्हटलं, "मशिन आहे ते, मामा."

"मशिन आहे म्हणून नव्हे. थांबायचं नाही असं त्याने ठरवलंय. बघ, वरचा हात थांबतोय, खालचा चालू ठेवलाय. हा वाजवणारा माणूस आहे."

बनावट की खरी यावर लोकांनी काय काय पुरावे मागितले असतील, मला हा पुरावा पुरला. ललितात दोन्ही मध्यम लागोपाठ घेताना बोटांना जे करावं लागतं ते ज्याने आयुष्यभर केलंय त्यालाच हे सुचतं.

अर्थात मामांनी पुढचा आक्षेपही घेतला, आणि तो रास्त आहे. तोडीचा गंधार पट्टीच्या कोमल गंधारापेक्षा उतरलेला हवा, आणि ठरलेल्या बारा सुरांच्या यंत्रात तो बसत नाही. पण हे सांगणारा माणूस स्वतः पेटीवाला. पेटीवर तर हाच आळ होता. तिला श्रुती नाहीत, ती गायकाचा गळा बिघडवते, ती परकी, असं म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं आणि ती बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. त्या काळात गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी पेटीला मैफलीत मान मिळवून दिलेला होता, संगीत रंगभूमी तर ऑर्गन आणि पेटीच्या सुरावर उभी होती, तरीही. यंत्राने सूर काढला की तो अप्रामाणिक, हा वाद मराठी कानांना नवा नाही. सिंगांनी तर शीर्षकातच सांगून टाकलंय, दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. मैफल म्हटलेलं नाही, रागदर्शन म्हटलेलं नाही. जे केलं ते छापलं.

मग चाहत्यांची दुसरी लाट आली. खोटं नाही हे पटल्यावर त्यांनी सिंगांना ॲसिड हाउसचा जनक करून टाकलं. हेही मला तितकंच चुकीचं वाटतं. शिकागोत फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने तेच ३०३ स्वस्तात मिळवलं, चालू असताना त्याची बटणं पिळली, आणि सुरातून जो चित्कार निघाला तो पकडून ठेवला. रॉन हार्डी या डीजेने ती टेप आपल्या क्लबात एकाच रात्री चार वेळा वाजवली. पहिल्या खेपेला लोक नाचायचे थांबले आणि चौथ्या खेपेला वेडे झाले, असं त्या त्रिकुटातला डीजे पिएर सांगत आला आहे. ती १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' म्हणून निघाली. त्या पिळण्यात आणि त्या नाचणाऱ्या गर्दीत ॲसिड हाउस आहे, नुसत्या यंत्रात नाही. शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी ते घडवलं, आणि ते श्रेय आपल्या अभिमानापोटी आपण इकडे ओढून आणू नये. सिंगांनी स्वतः तसा दावा कधी केला नाही. ॲसिड हाउस म्हणजे काय हे आपल्याला माहीतही नव्हतं, असंच त्यांचं सांगणं होतं. ज्याला लबाड ठरवलं त्याने स्वतःहून मोठं व्हायचं नाकारलं.

आता मी मघाशी बाजूला ठेवलेल्या मुद्द्यावर येतो. नुकसान कुणाचं झालं?

१९६९ साली अमेरिकेत 'द विन्स्टन्स' या बँडची एक रेकॉर्ड निघाली. तिच्या मागच्या बाजूला 'अमेन, ब्रदर' नावाची एक रचना होती. तिच्या मध्यावर बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा ड्रमर एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. ऐंशीच्या दशकात हिप-हॉपवाल्यांना हे सेकंद सापडले, मग नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या जंगल आणि ड्रम अँड बेस संगीताने ते उचलले, चिरले, वेग वाढवला, उलटेपालटे केले. हजारो रचनांत हा ढोल आहे. स्क्वेअरपुशरसारखा ॲफेक्स ट्विनच्या पिढीतला माणूस या सेकंदांचे इतके बारीक तुकडे करतो की मूळ ओळखूही येऊ नये, आणि ते काम श्रेष्ठ आहे, मी त्याचा चाहता आहे. पण कोलमनला त्याचा एक पैसाही मिळाला नाही. तो २००६ साली बेघर अवस्थेत वारला. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला आपल्या रेकॉर्डचं काय झालंय हे नव्वदच्या दशकात कधीतरी कळलं, आणि तोवर कायद्याने काही मागायची मुदत निघून गेली होती. २०१५ साली ब्रिटनमधल्या काही डीजेंनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी काढली आणि स्पेन्सरला सुमारे २४ हजार पौंड पोचवले. तोही २०२० साली गेला.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहा. क्राफ्टवेर्कच्या १९७७ च्या 'मेटाल आउफ मेटाल' या रचनेतले दोन सेकंद जर्मनीतल्या एका निर्मात्याने १९९७ साली एका रॅप गाण्यात वापरले. त्या दोन सेकंदांवरून खटला उभा राहिला, तो जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला, युरोपीय न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१९ नंतरही त्यावर निकाल येतच राहिले. दोन सेकंदांची राखण करायला एकाकडे वीस वर्षं पुरतील एवढे वकील, आणि सहा सेकंदांच्या मालकाला बातमीसुद्धा नाही. क्राफ्टवेर्कचं कायद्याने चूक होतं असं मी म्हणत नाही. पण चाहत्यांनी तळमळीने भांडावं असं खरेपणाचं प्रकरण कुठलं असेल तर ते हे आहे. रणगाडा होता की चिलखती गाडी होती, यावर आम्ही तासन्तास घालवले आणि कोलमनचं नाव आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक संगीतात ही बाब जास्त टोचते, कारण इथे एक माणूस एका खोलीत बसून सगळं करतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्या खोलीत पुष्कळ लोकांचे हात असतात. कुणाचा तरी ढोल, कुणाचा तरी गळा, आणि ३०३ घडवणाऱ्या तादाओ किकुमोतोसारख्या अभियंत्याचं डोकं. हल्ली तर मोठ्या डीजेच्या नावाने निघालेली गाणी पैसे घेऊन दुसऱ्यानेच केलेली असतात आणि करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही असा करार असतो. हा धंदा सर्रास चालतो हे उघड गुपित आहे. आपण काय खातो, कुठे झोपतो, कितव्या वर्षी सुरुवात केली, हे कलाकाराने खोटं सांगितलं तर मला चालेल. ज्याच्या हातून सूर आला त्याचं नाव त्याने गिळलेलं मला चालत नाही.

आणि मुंबई याबाबतीत कुणापेक्षा कमी नाही. चरणजीत सिंग ज्या जगातून आले तिथे पन्नास-साठ वादक एका टेकला बसत. गोव्याचे व्हायोलिनवादक आणि ट्रंपेटवाले, पारशी घराण्यांतले तालवादक, पंजाबचे, बंगालचे. नोटेशन लिहिणारे, अरेंजमेंट बांधणारे कितीतरी गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचे गुरू. त्यांचं नाव एका अतिशय गाजलेल्या सिनेगीतात आलं म्हणून लोकांच्या ओठांवर आहे, पण असा खरोखरच कुणी माणूस होता हे गाणं गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? सेबॅस्टियन डिसोझांनी बांधलेल्या सुरावटी ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. रेकॉर्डच्या वेष्टणावर गायक, गीतकार, संगीतकार. गिटारचा तो तुकडा कुणाचा, सॅक्सोफोन कुणाचा, हे नाही. केर्सी लॉर्ड यांच्यासारख्यांनी हिंदी सिनेमात सिंथेसायझर आणला, त्यांचीही ओळख संगीतप्रेमींच्या लहान वर्तुळापलीकडे फार गेली नाही. अशा जगातल्या एका वादकाने वेष्टणावर स्वतःचं नाव छापलं, आणि जगाने विचारलं, हा माणूस खरा आहे का? ज्या उद्योगाने वादकांची नावं कधी छापलीच नाहीत, त्याच्यामुळे बाहेरच्या कुणाला तपासायला कागदही मिळाला नाही. संशयाचं मूळ मला ॲफेक्स ट्विनच्या थापांइतकंच इथेही दिसतं.

सिंगांना उतारवयात युरोपातल्या मंचांवर हे राग वाजवायला मिळाले, त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण लोक त्यावर नाचले. २०१५ साली ते गेले. ती रेकॉर्ड ज्याने पुन्हा काढली त्या एडो बाउमनला ती २००२ साली दिल्लीतल्या एका दुकानात सापडली होती. त्याने ती नुसती विकली नाही, मुंबईत येऊन वादकाला शोधून काढलं, त्यालाच विचारलं. चाहता असण्याचं याहून चांगलं रूप मला माहीत नाही.

मराठी मुलुखात हे काम आज करता येण्यासारखं आहे. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत तारदेव, महालक्ष्मी, वांद्र्याच्या स्टुडिओंत वाजवलेल्यांपैकी काही जण अजून मुंबईत आणि गोव्यात आहेत, ऐंशीच्या घरात. कुठल्या गाण्यात कुठला तुकडा आपला हे त्यांना आठवतं, सहवादकांची नावंही आठवतात. मराठी भावगीतांच्या, नाट्यगीतांच्या मुद्रणांना साथ केलेल्यांचंही तसंच. फोनमध्ये रेकॉर्डर प्रत्येकाच्या आहे. मामांच्या वहीत त्यांच्या बरोबरीच्या साथीदारांचे काही जुने फोन नंबर आहेत, त्यातले दोन अजून लागतात. पुढच्या रविवारी आम्ही त्यातल्या एकांकडे जाणार आहोत, आणि त्यांनी कुठल्या रेकॉर्डवर वाजवलं त्याची यादी लिहून घ्यायला सुरुवात करणार आहोत.